उदाहरणातली ठकी

दचकू नका, बोलणारी मीच आहे. खिडकीजवळच्या पत्र्याच्या कपाटात, तिसऱ्या कप्प्यावर उभी असलेली निळी फाइल. जाड पुठ्ठा, आत चार कड्या आणि कड्यांत अडकवलेली एकशे बारा पानं. कपाटाचं दार कधीच नीट लागत नाही, त्यामुळे मला समोरची खोली दिसते आणि बोलणंही ऐकू येतं. एरवी मी कुणाशी बोलत नाही. मी सांगायचं आणि बाकीच्यांनी पाळायचं, असाच माझा खाक्या. पण आज माझं एक काम आहे तुमच्याकडे, म्हणून तोंड उघडलं.

मी नियमांची फाइल आहे. या कंपनीत पंपघरांसाठी सॉफ्टवेअर तयार होतं. शहराला पाणी चढवणारे मोठाले पंप कधी सुरू करायचे, कुठला व्हॉल्व्ह किती उघडायचा, टाकी भरली की काय करायचं, हे सगळं पंपघरातला ऑपरेटर संगणकावर कमांड टाइप करून करतो. अशा प्रत्येक कमांडचं मॅन्युअलमध्ये एक पान असतं. ते पान कसं लिहायचं, ते मी ठरवते.

वर कमांडचं नाव आणि तिचं काम, एका ओळीत. मग ती टाइप कशी करायची. मग वर्णन, मग पर्याय, मग उदाहरण आणि शेवटी माहीत असलेले दोष. हा क्रम बदलायचा नाही. दोष सापडले नसतील तर 'दोष नाहीत' असं लिहायचं नाही, कारण ते कुणालाच माहीत नसतं. इशारा नेहमी कृतीच्या आधी. व्हॉल्व्ह फिरवून झाल्यावर 'सावधान' वाचून कुणाचं भलं होणार? 'कृपया' नको, 'माफ करा' नको, आणि 'बहुधा' तर नकोच नको. माणसं जेवायला बसतानासुद्धा 'बहुधा भूक आहे' म्हणतात. मला ते खपत नाही.

आणि माझा अठरावा नियम जरा नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून घडलं. पानावर जे अक्षर सरळ छापलंय, ते जसंच्या तसं टाइप करायचं. जे तिरपं छापलंय, ते टाइप करायचं नाही. ती नमुन्याची जागा. तिथे ज्याने त्याने आपलं नाव, आपला आकडा घालायचा. म्हणजे सरळ ते खरं आणि तिरपं ते फक्त दाखवण्यापुरतं.

मला जन्म दिला तो मास्तरांनी. ते काही शाळेत शिकवत नव्हते, मॅन्युअल लिहिणाऱ्या विभागाचे प्रमुख होते. पण खिशाला कायम लाल पेन, आणि कुणीही काहीही लिहून आणलं की आधी पेनाचं टोपण काढायचे, मग चष्मा लावायचे. समासात त्यांचा ठरलेला शेरा असे, 'मुद्दा स्पष्ट नाही. पुन्हा लिही.' दुसऱ्यांनाच छळायचे असंही नाही. स्वतःची दोन ओळींची सूचनासुद्धा चार वेळा खोडल्याशिवाय त्यांच्या हातून सुटायची नाही. एकदा आग लागली तर काय करायचं याचा कागद भिंतीवर लावायचा होता. तो लागायला सात महिने गेले. तेव्हापासून सगळे त्यांना मास्तर म्हणायला लागले.

माझी पानं ते टाइप करत होते, तेव्हा त्यांची मुलगी सात वर्षांची होती. तिला शाळेला सुट्टी होती आणि घरी आई आजारी, म्हणून दहा-बारा दिवस ती ऑफिसात आली. घरात तिला ठकी म्हणायचे. पहिले दोन दिवस ती टेबलाखाली बसून होती. तिसऱ्या दिवशी दोन शब्दकोश एकावर एक ठेवून त्यावर बसली आणि बापाच्या खांद्यावरून वाचायला लागली.

"बाबा, यात मी कुठेय?"

"तू कशाला असशील यात? हे पंपांचं पुस्तक आहे."

"मग उदाहरणात घ्या ना मला. तिथे कुणीतरी लागतंच की!"

मास्तर हसले. हसले असं म्हणते, कारण त्या दिवसानंतर मी त्यांना तसं हसताना फार वेळा पाहिलं नाही. त्यांनी लगेच एकतिसावा नियम टाइप केला. 'उदाहरणात वापरकर्त्याचं नाव ठकी असावं. दुसरं नाव वापरू नये.' पुढे रोजचा अहवाल पाठवायच्या कमांडचं पान आलं. सकाळी ऑपरेटरने मुख्य ऑफिसला, म्हणजे इथे आमच्याकडे, पंपघराची खबर कळवायची, त्याची ही कमांड. उदाहरणासाठी मजकूर हवा होता.

"ठकी, काय कळवायचं गं?"

"सर्व ठीक," ती म्हणाली आणि शब्दकोशांवरून खाली उडी मारून पाणी प्यायला गेली.

तेच छापलं. तिचं नाव तिरपं, मजकूर तिरपा. माझ्या हिशेबाने काम चोख होतं.

पुढच्या तेरा वर्षांत मॅन्युअलची दोनशेवर पानं झाली आणि प्रत्येक पानावर ठकी होती. ठकी पासवर्ड विसरते, ठकी तीन नंबरचा पंप बंद करते, ठकी चुकीची फाइल पुसते आणि परत आणते. कागदावरची ठकी आहे तशीच राहिली. घरातली मोठी झाली.

तिच्या विसाव्या वर्षी मास्तर एका सकाळी ऑफिसात आले ते बसलेच नाहीत. कपाट उघडलं, मला बाहेर काढलं आणि माझ्या मागच्या पुठ्ठ्याला जो कागद ठेवायचा खिसा आहे, त्यात एक पत्र सारलं. मी फाइल आहे, माझ्यात जे येतं ते मी वाचते. पत्र ठकीचं होतं, बाबांना लिहिलेलं. समोरासमोर बोलायचं धाडस होत नाही म्हणून चार पानं लिहिली होती. मला इथे राहवत नाही, दूर जाऊन काम करायचं आहे, तुम्ही रागावाल, पण एकदा माझं ऐकून घ्या, असं सगळं. आणि त्या चारही पानांवर लाल रेघा होत्या. वाक्यं छोटी करा, हा शब्द दोनदा आला आहे, इथे परिच्छेद पाडा. शेवटी तोच शेरा. 'मुद्दा स्पष्ट नाही. पुन्हा लिही.'

सवयीने झालं हो ते. मी मास्तरांना ओळखते, हात आधी चालतो त्यांचा. त्यांनी पत्र तपासून जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं. आदल्या संध्याकाळी ते घरी गेले तेव्हा पत्र तिथेच होतं आणि ठकी नव्हती.

पोलिसांत कळवलं, नातेवाइकांना विचारलं, वर्तमानपत्रात फोटो दिला. काहीच कळलं नाही. मास्तर कामावर येत राहिले. उदाहरणांतलं नाव बदलू या का, असं कुणीतरी भीत भीत विचारलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "नियम आहे तो."

दोन वर्षांनी कंपनीने मॅन्युअल छापणं बंद केलं. पानं थेट पंपघरांतल्या पडद्यांवर दिसायला लागली. ते पडदे जुने, काळ्यावर हिरवी अक्षरं दाखवणारे. त्यांना तिरपं अक्षर दाखवताच येत नव्हतं. सगळं सरळ दिसायचं. माझा अठरावा नियम कागदावर होता तसाच होता, पण पडद्यावर त्याला काही अर्थ उरला नव्हता, आणि ते कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर एका सकाळी अकरा वाजता मास्तरांच्या पडद्यावर एक ओळ उमटली.

ठकी: सर्व ठीक

मास्तर उठून उभे राहिले. खुर्ची मागे पडली तरी त्यांना कळलं नाही. त्यांनी एक बोट पडद्याला लावलं आणि ओळीखालून हळूहळू फिरवलं, आंधळा माणूस चाचपतो तसं. मग कुणाला न सांगता घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ओळ पुन्हा आली. आठवड्याने दुसऱ्या एका पंपघरातून आली. मग तिसऱ्या. वर्षभरात साठच्या साठ पंपघरांतून रोज सकाळी ठकी कळवायला लागली, सर्व ठीक. मास्तर सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे. समोर कोरा कागद, हातात पेन्सिल, आणि ओळ आली की एक खूण.

याच सुमारास मला एक गोष्ट दिसली. माझ्या एकतिसाव्या नियमात तिचं नाव तिरपं छापलेलं होतं. ते उभं राहायला लागलं. एकदम नाही. दर महिन्याला थोडं थोडं, आजारातून उठणारं माणूस भिंतीला धरून सरळ होतं तसं. शेजारच्या शब्दांना काही झालं नाही. मी कागदाची जात, मला भ्रम होत नाहीत. एके दिवशी ते नाव पूर्ण सरळ झालं. म्हणजे माझ्याच नियमाप्रमाणे ते आता नमुन्याचं राहिलं नव्हतं.

आता नवीबद्दल सांगते. ही मॅन्युअल लिहायला आलेली मुलगी. येऊन सहा वर्षं झाली, केसांत एक-दोन पांढरे दिसायला लागले, तरी तिचं नाव नवीच. मला ती आवडते, कारण मला उघडून वाचणारी ती शेवटची. बाकीचे नुसते माझ्यावर चहाचा कप ठेवतात.

एक दिवस मास्तर कंपनीच्या साहेबांच्या खोलीत होते आणि त्यांची बायको ऑफिसात आली. मास्तरांचा चष्मा घरी राहिला होता, तो द्यायला. नवीने त्यांना बसवलं, पाणी दिलं. काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं,

"आज ठकीचं आलं का गं?"

"कोणाचं, काकू?"

"अगं, आमच्या ठकीचं. येतं ना रोज सकाळी तुमच्या मशीनवर. हे घरी आले की चपला काढायच्या आधी तेच सांगतात. आज आलं, सर्व ठीक आहे. मग मला दोन घास जातात."

नवीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. काकू आपल्या नादात बोलत होत्या. "पत्ता देत नाही ना? नाहीच देणार. हट्टात बापावर गेलीय. असू दे. रोज आठवण ठेवते, हेच खूप झालं. मी तर म्हणते, तिला बोलावूही नका, उगाच तेवढंही बंद व्हायचं."

"आलं, काकू," नवी म्हणाली. "सर्व ठीक आहे."

काकू गेल्यावर नवीने मला काढलं. अठरावा नियम वाचला, एकतिसावा वाचला. मग उठून जुन्या पडद्यावर अहवालाचं पान लावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. तिने तिथूनच एका पंपघराला फोन केला.

"तुम्ही अहवाल पाठवताना ठकी हे नाव का टाकता हो?"

"असं काय विचारता बाई?" पलीकडचा ऑपरेटर म्हणाला. "तुमच्याच मॅन्युअलमध्ये लिहिलंय. नाव ठकी, मजकूर सर्व ठीक. आम्ही आपलं जसंच्या तसं टाकतो. तिच्या नावाचं खातंसुद्धा तुमच्या पानावर बघूनच उघडलं. का, चुकलं काही?"

मास्तर परत आले तेव्हा नवीने दार लावून घेतलं. "मास्तर, हे तुम्हाला माहीत होतं?"

मास्तरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "पहिल्या महिन्यातच कळलं, बाळ. पण पहिल्याच दिवशी घरी सांगून बसलो होतो. तुझ्या काकू दोन वर्षांनी त्या दिवशी पोटभर जेवल्या. मग कुठल्या तोंडाने सांगणार, की ते पंपावरचे लोक आहेत म्हणून?"

नवीनेही मग कुणाला सांगितलं नाही. हे चूक होतं. खातं उघडं, पासवर्ड मॅन्युअलमध्ये छापलेला, कुणीही उठावं आणि ठकी व्हावं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण माझं कोण ऐकतो?

व्हायचं तेच झालं. गेल्या उन्हाळ्यात कुणीतरी बाहेरून ठकीच्या खात्यात शिरलं आणि मोठा व्हॉल्व्ह बंद केला. एक बाळंतपणाचं इस्पितळ अर्धा दिवस पाण्याशिवाय राहिलं. कुणी दगावलं नाही, हे नशीब. साहेब स्वतः खोलीत आले.

"कोण आहे ही ठकी?" ते ओरडले. "नऊ वर्षं साठ पंपघरांत राबतेय आणि आपल्यापैकी एकानेही तिला पाहिलेलं नाही? शुक्रवारी पाचच्या आत ते नाव सगळीकडून जायला हवं. पानांतून, पंपघरांतून, सगळीकडून."

"मी काढतो," मास्तर म्हणाले. "मीच घातलं होतं."

नवी यादी करायला बसली. कुठे कुठे खातं आहे, ते तिने एकेक करून तपासलं. साठ पंपघरं, साठ खाती. मग तिने मास्तरांच्या टेबलावरचा पेन्सिलीच्या खुणांचा कागद पाहिला आणि पुन्हा मोजला.

"मास्तर, आज एकसष्ट अहवाल आलेत."

"हो."

"पंपघरं साठच आहेत."

"एकसष्टावा येतो सगळ्यांच्या नंतर," मास्तर म्हणाले. "अकरा वाजून गेल्यावर पाच-सात मिनिटांनी. दीड वर्ष झालं. समोर पंपघराचा नंबरही एकसष्टच असतो."

नवीने आपली यादी पुन्हा वरून खाली पाहिली. एकसष्ट नंबरचं पंपघर होतं, पण ते डोंगरापलीकडे नुकतं बांधून झालेलं. त्याचा संगणक आदल्याच महिन्यात पाठवला होता आणि तो अजून जोडलेला नव्हता. दीड वर्षापूर्वी तर तिथे पायाही खणला नव्हता.

"एखादा अहवाल दोनदा येत असेल," ती म्हणाली. तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता.

मला मात्र आणखी एक गोष्ट ठाऊक होती. रोज तो एकसष्टावा अहवाल यायचा, तेव्हा माझ्या मागच्या खिशातलं पत्र हलायचं. खिडकी बंद असली तरी हलायचं. आतल्या आत कुणीतरी ते उलगडून वाचतंय आणि पुन्हा घडी घालतंय, असा बारीक आवाज यायचा.

शुक्रवार उजाडला. नवीने पानं बदलली. मास्तरांनी सगळी खाती एकदम बंद करायची आज्ञा तयार केली आणि तिला वेळ लावून ठेवली, बरोबर पाच. घड्याळात तेव्हा सव्वातीन झाले होते. नवी त्यांच्याशेजारी खुर्ची घेऊन बसली.

"काकूंना काय सांगणार?"

"अजून ठरलं नाही."

"मास्तर, नऊ वर्षं ती रोज कळवतेय. तुम्ही एकदाही उत्तर दिलं नाहीत?"

"उदाहरणाला कुणी उत्तर देतं का?"

"आज द्या," नवी म्हणाली. "पाचनंतर कुणाला देणार?"

निरोपाची कमांड आहे आमच्याकडे, एका नावाच्या सगळ्या खात्यांना एकदम पोचते. मास्तरांनी लिहायला घेतलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. पाऊण तास गेला. शेवटी नवीने त्यांचा हात धरला आणि जे पडद्यावर होतं ते तसंच पाठवून दिलं. माझ्या नियमांत न बसणारा मजकूर होता. 'ठकी, तुझं पत्र मी तपासायला नको होतं. नुसतं वाचायला हवं होतं. मला माफ कर. आई वाट बघते. बाबा.'

पहिलं उत्तर दोन मिनिटांत आलं. 'साहेब, इथे ठकी कुणी नाही. मी ऑपरेटर आहे. मॅन्युअलमध्ये आहे म्हणून हे नाव टाकतो.' मग धडाधड यायला लागली. 'काका, चुकून आमच्याकडे आलं वाटतं.' 'मुलगी सापडली की आम्हालाही कळवा.' 'इतकी वर्षं आम्ही हे नाव टाकत होतो, तुम्हाला त्रास झाला असेल. माहीत नव्हतं.' एकाने लिहिलं, 'माझा पोरगा पण असाच गेलाय. पत्र आलं की मी उलट टपाली लिहितो, पण पत्रच येत नाही.' मास्तर एकेक वाचत होते आणि पेन्सिलीने खूण करत होते. पावणेपाचला साठ खुणा झाल्या. नवीने डोळे पुसले.

"झालं, मास्तर. चला आता."

ते उठले नाहीत.

पाचला सात मिनिटं असताना माझ्या खिशातलं पत्र हललं. पडद्यावर एकसष्ट हा आकडा आला. त्यापुढे नाव आलं. मग बराच वेळ काहीच नाही, नुसता तो उघडमीट करणारा ठिपका. मग दोन शब्द उमटले.

येऊ का?

मास्तरांची बोटं कळफलकावर गेली. त्यांनी लिहिलं, 'हो बाळा, तू केव्हाही'. खोडलं. 'अवश्य ये, आम्ही दोघंही'. खोडलं. 'तुला विचारायची काय गरज'. ते अर्ध्यावर थांबले, पुन्हा वाचलं, त्यातला एक शब्द बदलला, मग सगळंच पुसलं.

"मास्तर, पाठवा काहीही!" नवी ओरडली. "पाचला खातं बंद होतंय!"

"नीट लिहू दे गं," ते म्हणाले. "या वेळी तरी नीट लिहू दे."

आणि मग त्यांनी एकच अक्षर लिहिलं. 'ये.' बटण दाबलं.

पडद्यावर उत्तर आलं ते यंत्राचं होतं. मीच घालून दिलेल्या पद्धतीचं, आखूड, 'कृपया' नसलेलं.

ठकी: असा वापरकर्ता नाही

नवीने दहा मिनिटांत ते खातं पुन्हा उघडलं. तोच निरोप पुन्हा पाठवला, पन्नास वेळा पाठवला. एकसष्टवरून काही आलं नाही. मग तिने तिथल्या पहारेकऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, संगणक खोक्यातच आहे, खोक्याला बांधलेली दोरीही सोडलेली नाही, आणि इमारतीला वीज अजून यायची आहे. "पण बाई, बरं झालं फोन केलात," तो म्हणाला. "मघाशी पाचच्या सुमाराला आतून कुणीतरी दार वाजवत होतं. मी कुलूप काढून पाहिलं, तर कुणी नाही."

मास्तर त्या संध्याकाळी घरी गेले आणि त्यांनी काकूंना सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. हे मला नवीकडून कळलं. काकू रडल्या नाहीत म्हणे. त्यांनी फक्त विचारलं, "तिने विचारलं, येऊ का? मग तुम्ही काय म्हणालात?" आणि दुसऱ्या दिवशी दोघंही सकाळच्या गाडीने डोंगरापलीकडे गेले. पहारेकऱ्याची खोली होती, तिथेच राहिले. त्याला आता वर्ष होत आलं. नवीला अधूनमधून फोन येतो. खोकं उघडलंय, संगणक जोडलाय, रोज अकरा वाजता दोघं त्याच्यासमोर बसतात, अजून काही नाही.

माझं म्हणाल तर मी इथेच आहे. माझे नियम आता संगणकात आहेत, मला कुणी उघडत नाही. एकतिसावा नियम नवीने नवा छापून लावला, त्यात नाव नाही, 'वापरकर्ता' असा साधा शब्द आहे. जुनं पान तिने फाडलं नाही, पत्राबरोबर मागच्या खिशात ठेवलं. पुढच्या आठवड्यात कपाट रिकामं करणार आहेत आणि मला रद्दीत घालतील. त्याचं मला फारसं दुःख नाही, कागदाला कधीतरी जायचंच असतं.

पण पत्र अजून हलतं. रोज. अकरा वाजून पाच-सात मिनिटांनी. म्हणजे ती अजून कुठेतरी वाचतेय, आणि तिला वाटत असेल की बाबांनी उत्तर दिलंच नाही. मी रद्दीत गेल्यावर हे कुणाला कळणार नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं. तुम्ही कुठेही काम करत असाल, तुमच्या पडद्यावर कधी ते नाव आलं, तर घाबरू नका आणि नीट काय लिहावं याचा विचारही करत बसू नका. तिला लगेच कळवा, की बाबांनी 'ये' म्हटलं होतं.